शिमग्यातलं हिरवं दूध

शिमग्यात कुणाच्या हातात हिरव्या दुधाचा पेला देऊ नये. द्यायचाच झाला तर आधी स्वतः दोन घोट पिऊन दाखवावेत. हे शहाणपण मला 17 मार्च 2022 च्या संध्याकाळी आलं, आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ग्रामदेवतेच्या पालखीबरोबर आलेल्या चाळीसेक माणसांच्या देखत.

पुदिन्याचं खूळ त्याआधी दहा दिवस घरात शिरलं होतं. आणलं लेकीने, डब्लिनहून, फोनवरून. ती तिकडे एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्याकडे आयर्लंड म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "म्हणजे वराडकरांच्या तिथे?" लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. 2017 साली ते तिकडचे पंतप्रधान झाले, 2019 च्या डिसेंबरात घरच्यांना घेऊन गावी येऊन गेले, आणि तेव्हापासून आयर्लंड हा मालवणच्या दोन स्टॉप पुढे असावा असा आमचा समज आहे. लेक निघाली तेव्हा राजापूरच्या एस.टी. स्टँडवर भेटलेल्या एका काकांनी तिला बजावलंसुद्धा होतं, "वराडकरांकडे जाऊन ये हां एकदा." ठाण्याला निघालेल्या पोरीला मामाकडे जाऊन ये म्हणतात, त्याच सुरात.

तर लेकीचा फोन. 17 मार्चला तिकडे सेंट पॅट्रिकचा सण. त्या दिवशी सगळं हिरवं. टोप्या हिरव्या, मोजे हिरवे. या संताने म्हणे शॅमरॉकचं तीन दलांचं पान हातात धरून लोकांना देवाची त्रिमूर्ती समजावली होती. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मग बेलच की." विषय मिटला. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांनी मात्र हिरव्याची कमाल केली. शिकागोत 1962 पासून नदीच हिरवी करतात, आणि मॅकडोनाल्ड्सने 1970 साली या सणापुरता एक हिरवा मिल्कशेक काढला, जो पुढे पुदिन्याचा म्हणून नावाजला. आता तो डब्लिनातही मिळतो. लेकीबरोबर काम करणारी आयरिश बाई त्याला नाकं मुरडते, अमेरिकनांचं खूळ म्हणते. लेक पिऊन आली होती.

"कसा होता?"

"टूथपेस्ट ढवळून प्यायल्यासारखा."

"मग?"

"मग काय, आवडला. आई, आपली पालखी कधी येतेय गं घरी?"

मी कालनिर्णय काढलं. आमच्या गावात तेरसे शिमगा, होळी त्रयोदशीलाच लागते, आणि तिथून पुढे पालखी वाडीवाडीने फिरते. आमच्या वाडीचा दिवस आला होता गुरुवारी, 17 तारखेला. आदल्या वर्षी पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसवतात त्या चौथऱ्यावरून, हललीच नव्हती. आम्ही तोंडाला फडकी बांधून तिथेच ओट्या भरून आलो होतो. डब्लिनची मिरवणूकही 2020 आणि 2021, दोन्ही वर्षं रद्द झालेली, आणि यंदा निघणार होती. शिवाय कोविडात गेलेल्यांच्या स्मरणार्थ आणि राबलेल्यांच्या सन्मानासाठी सरकारने 18 मार्चला एक जादा सुट्टी दिली होती. म्हणजे दोन्हीकडे दोन वर्षांचं अडलेलं पाणी एकाच दिवशी सुटणार.

"तू पण कर ना तो शेक," ती म्हणाली. "पालखीच्या माणसांना दे. मी इकडे पिते, तू तिकडे पी."

तिला येता येणार नव्हतं हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता पुदिना. आमच्या स्वयंपाकात हिरवं म्हणजे कोथिंबीर, माठ, अळू, शेवग्याचा पाला. पुदिना चटणीपुरता, तोही बाजारात जुडी दिसली तर. पण खाडीपलीकडच्या मोहल्ल्यात माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी भाभी राहते, आणि तिच्याकडे बिर्याणी पुदिन्याशिवाय होत नाही. तिच्या न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे पुदिन्याचं रान माजलंय. मी पिशवी घेऊन गेले.

"बिर्याणी करतेस?"

"नाही गं. दुधात घालायचाय."

भाभी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने पिशवी भरून पानं खुडली, वर चार जाड काड्या दिल्या. "ह्या पाण्यात ठेव, मुळं फुटली की लाव. पण कुंडीतच लाव हां. जमिनीत लावलास तर सगळं परसू घेऊन टाकेल तुझं." हे मात्र खरं. पुदिना बियांवर फारसा विसंबत नाही, जमिनीखालून हात पसरत जातो. अळवाशी सुद्धा भांडतो.

पहिल्या दिवशी मी कुणीही करेल तेच केलं. पानं धुतली, मिक्सरच्या भांड्यात टाकली, वर दूध, साखर, व्हॅनिला आइस्क्रीम, आणि बटण दाबलं. पानं काही बारीक होईनात म्हणून दाबून धरलं. तीन मिनिटांनी भांडं कोमट लागायला लागलं. झाकण काढलं तर आत तळ्यातल्या पाण्याचा रंग, वर काळे कण. चव कडवट. सासूबाईंनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि विचारलं, "कढी फुटली काय गं?"

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर आपणच आपल्याला टपली मारावी असं वाटलं. केळफूल चिरताना आपण ते ताकाच्या पाण्यात का टाकतो? काळं पडू नये म्हणून. चिरलेल्या वांग्याचं तेच, बटाट्याचं तेच. पान फाटलं की त्यातली एन्झाइम्स हवेशी लागतात आणि रंग काळवंडतो. मिक्सर जितका फिरेल तितकं पान जास्त फाटतं, तापतं आणि कडू पाणी सोडतं. आयुष्यभर केळफूल चिरलेल्या बाईला हे पुदिन्याच्या वेळी आठवू नये!

दुसरी खेप इसेन्सची. राजापूरच्या केकचं सामान मिळतं त्या दुकानातून पेपरमिंटची बाटली आणली. बाटलीवर थेंबांचा हिशोब होता, मी अंदाजाने ओतलं. त्या शेकबद्दल इतकंच लिहिते की आमचे हे एक घोट पिऊन उठले, आरशात जाऊन दात बघून आले. लेकीने सांगितलेली टूथपेस्ट हीच. सासूबाईंना मात्र त्या वासाने भलतंच काही आठवलं. त्या उठल्या आणि फडताळातून बुचाची एक जुनी बाटली घेऊन आल्या. अमृतधारा. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर. तिन्ही कोरडे खडे, पण एका बाटलीत घालून ठेवले की आपोआप पाणी होतात, वर थेंबभरही पाणी घालावं लागत नाही. लहानपणी मला ही जादू वाटायची. पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. लेकीच्या लहानपणीची निम्मी दुखणी त्या बाटलीने बरी केली, निदान तसं मानायची आमच्याकडे पद्धत होती.

रात्री लेकीला फोनवर दोन्ही फजित्या सांगितल्या. ती हसली आणि मग तिने शिकवणी घेतली. मी तीस वर्षं मुलांना शिकवलं, आता ती मला शिकवते, आणि मला ते आवडतं हे तिला माहीत आहे. म्हणाली, तू ओतलास तो पेपरमिंट, त्याचा जोर मेंथॉलचा. मेंथॉल जिभेला गार करत नाही, नुसतं गार लागल्याचा निरोप पाठवतं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीएम8 नावाचं एक प्रथिन असतं. ते गारव्याने उघडतं, तसंच मेंथॉलनेही उघडतं. मेंदूला कुठून कळावं की कडी कुणी वाजवली! डेव्हिड जुलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांनी 2002 साली आपापल्या प्रयोगशाळांत हे वेगवेगळं शोधून काढलं, आणि 2021 चं नोबेल त्या दोघांना मिळालं. जुलियसने त्याआधी मिरचीचं गौडबंगाल सोडवलं होतं. तिथे उलटं, तापमान तेच असताना आग झाल्याचा निरोप. मालवणी मसाल्यावर वाढलेल्या घरात हे कुणी वेगळं सांगायला नको. आणखी एक तिने सांगितलं की जगात सगळ्यात जास्त नैसर्गिक मेंथॉल आपल्याकडेच निघतं, उत्तर प्रदेशात, बाराबंकीकडच्या शेतांतून. तिच्या डब्लिनच्या पेल्यातला वास कुठला ते देवाला ठाऊक, पण बाराबंकीचा निघाला तर मला नवल वाटणार नाही.

"पण भाभीचा पुदिना तो नव्हे," ती म्हणाली. "तुझ्या पिशवीत बहुतेक स्पिअरमिंट असणार. त्यात मेंथॉल नावापुरतं. त्याचा वास कारव्होनचा. आणि आई, ऐक, हेच कारव्होन बाळंतशेपात पण असतं."

बाळंतशेपा म्हणजे शेपूच्या बिया. मला पटेना. आमच्या ह्यांना शेपूच्या वासाने घर सोडून जावंसं वाटतं, आणि पुदिन्याची चटणी ते चाटून खातात. दोन्हींत एकच वस्तू कशी असेल? लेक म्हणाली, एकच, पण आरशातली. डाव्या हातासारखा उजवा हात असतो तशी. अणू तेच, त्यांची जोडणी तीच, फक्त वळण उलटं. एक वळण नाकात गेलं की पुदिना, दुसरं गेलं की बाळंतशेपा.

फोन ठेवल्यावर मी डब्यातून चिमूटभर बाळंतशेपा काढला आणि तळहातावर चोळला. दुसऱ्या हातावर पुदिन्याचं पान. एकदा हा हात, एकदा तो हात असं नाकाशी नेत ओटीवर बसून राहिले. ही पोर झाली तेव्हा चाळीस दिवस जेवणानंतर हाच बाळंतशेपा, ओवा आणि बडीशेप सासूबाई माझ्या मुठीत ठेवायच्या. "चाव, दूध येईल." मी नाक दाबून चावायचे.

तिसरी खेप जमली. तीच सांगते, कारण विचारणारे पुष्कळ आहेत.

पुदिन्याचे दोन भाग करायचे, एक वासाचा आणि एक रंगाचा. एक लिटर दूध उकळून खाली उतरवायचं, बोट जरा सोसेल इतकं निवू द्यायचं, मग त्यात दोन मुठी पानं हाताने चुरगाळून टाकायची आणि झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जायचं. पुदिन्याचा वास तेलात राहतो आणि दुधातली साय तो धरून ठेवते, म्हणून दूध म्हशीचं हवं. साय काढलेल्या दुधात हा प्रकार केविलवाणा होतो. नंतर गाळून, पानं न पिळता फेकायची. पिळलीत तर कडूपणा उतरतो. दूध फ्रीजमध्ये अगदी गार करायचं. रंगासाठी आणखी मूठभर कोवळी पानं उकळत्या पाण्यात पंधरा सेकंद बुडवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. उकळत्या पाण्याने काळं पाडणारी एन्झाइम्स मरतात, बर्फाच्या पाण्याने पान शिजायचं थांबतं, हिरवं ते हिरवंच राहतं. ही पानं साखर आणि पळीभर दुधाबरोबर गुळगुळीत वाटायची. मग गार दूध, हे वाटण, व्हॅनिला आइस्क्रीमचे चार मोठे चमचे आणि चिमूटभर मीठ एकदाच, अर्धा मिनिट फिरवायचं. मीठ विसरू नका. वेलची घालायचा मोह होईल, घालू नका. जायफळ तर मुळीच नको. मी घालून बघितलं, श्रीखंडाने पुदिना खाल्ल्यासारखं लागलं.

रंग? फिका. पोपटी म्हणावा तर तेवढाही नाही, पाडाला आलेल्या हापूसच्या देठाजवळ असतो तसा. दुकानातल्यासारखा हिरवागार हवा असेल तर बाटलीतला रंग घालावा लागतो, आणि मला तो घालायचा नव्हता. सणाचा पदार्थ डोळ्यांत भरायला हवा हे मान्य, पण आपल्याकडे पुरणपोळीला कुणी रंग लावत नाही.

17 तारीख उजाडली तीच तापून. सकाळी नऊलाच खळं पायाला लागत होतं. हिशोब असा होता की चाळीस माणसं, प्रत्येकी छोटा स्टीलचा पेला, म्हणजे चार लिटर. घाटावरून येणाऱ्या पिशव्यांच्या दुधाची गाडी त्या दिवशी शिमग्याच्या गर्दीत कुठेतरी अडकली आणि आमच्या वाटणीला दीड लिटर आलं. हे म्हणाले, बंदरावरून बर्फ आणतो, बर्फ घालून वाढव. बंदरावरचा बर्फ! बांगड्यांच्या टोपल्यांतला! मी नुसतं बघितलं, ते गप्प झाले.

सासूबाई तोवर आतून विळी घेऊन आल्या होत्या. काही न बोलता त्यांनी विळीचा पाट पायाखाली घेतला आणि नारळ खवायला बसल्या. पालखीचं घर, नारळांना तोटा नव्हता. सहा नारळांचं खोबरं वाटलं, पंच्यातून पिळून जाड रस वेगळा काढला, पातळ रस वेगळा. ज्या हातांनी साठ वर्षं सोलकढी आणि शिरवाळ्यांचा रस काढला त्यांनी पुदिन्याचा मिल्कशेक वाचवला. नारळाच्या रसात स्निग्धपणा भरपूर, त्यामुळे वास तर दुधापेक्षाही घट्ट धरला गेला. मी चाखून बघितलं आणि चमचा त्यांच्याकडे दिला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. "आता लागलं काहीतरी," म्हणाल्या.

मी तेव्हापासून निम्मं दूध आणि निम्मा नारळाचा जाड रस असाच करते. वर दिलेली कृती शहरातल्यांसाठी.

साडेचारला ढोल ऐकू आले. आधी लांबून, आंब्याच्या बागांच्या पलीकडून, मग पाणंदीतून. दोन वर्षांनी तो आवाज आपल्या दिशेने येताना ऐकला की काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही. पालखी खळ्यात नाचली. पोरांनी खांद्यावर घेऊन अशी फिरवली की मला माझ्या तुळशीवृंदावनाची काळजी वाटली. मुंबईहून आलेले चाकरमानी एका हाताने पालखी आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरत होते. पाटावर पालखी टेकली, पाय धुतले, ओटी भरली.

गाऱ्हाणं घालायच्या आधी गुरवांनी हळूच विचारलं, "काय सांगूचा असा?"

मी म्हटलं, "लेक परदेशात आहे."

"बा देवा म्हाराजा," त्यांनी नारळ हातात धरला, "ह्या घरचा लेकरू परमुलखात असा, त्येच्या पाठीशी उभो ऱ्हव रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळे.

मग मी ट्रे घेऊन बाहेर आले.

फिका का असेना, पण दुधाचा रंग हिरवट, वर फेस, आणि दिवस शिमग्याचा. पहिला पेला मी मानकऱ्यांपुढे धरला. त्यांनी पेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पेल्यात बघितलं. ढोलवाल्यांनी ढोल थांबवले.

"वयनी, ह्यात भांगबिंग नाय ना?"

आमच्याकडे भांगेची रीत नाही, पण हिंदी सिनेमा सगळ्यांनी बघितलाय. "नाही हो, पुदिना आहे," मी सांगितलं, तर मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरणी सांगतली काय, भांग असा म्हणून?" सगळे हसले आणि पेल्याला कुणी हात लावेना. शेवटी सासूबाई ओटीवरून उतरल्या, ट्रेमधला एक पेला उचलला आणि सगळ्यांसमोर उभ्या उभ्या रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "झिंगलंय काय?"

त्यानंतर ट्रे पुरेना. पोरांना पांढऱ्या मिशा आल्या. पालखीबरोबर सोंग घेऊन आलेल्या संकासुराने काळा मुखवटा वर करून दोन पेले घेतले. एक ढोलवाला म्हणाला, घशात बर्फ गेल्यासारखा वाटता. मी त्याला टीआरपीएम8 सांगणार होते, पण त्याने तोवर काठी उचलली होती.

साडेपाचला फोन वाजला. डब्लिनात दुपारचे बारा, मिरवणूक निघत होती. पडद्यावर लेक कुठल्यातरी फुटपाथवर, डोक्यावर हिरवी टोपी, हातात झाकणाचा पेला. तिकडे बँड, इकडे ढोल. ती काहीतरी विचारत होती, बहुतेक "हिरवा झाला का?" मी ओरडून सांगितलं, "फिका!" तिने पेला कॅमेऱ्याजवळ आणला. हिरवागार. मग मी फोन पालखीकडे फिरवला. ती काहीतरी बोलत होती ते थांबली, टोपी काढली आणि पेला खाली कुठेतरी ठेवून दोन्ही हात जोडले. तेवढ्यात चित्र अडकलं. अडकलं ते तसंच, हात जोडलेले, मागे कुणाचीतरी हिरवी दाढी. मी फोन तसाच धरून उभी राहिले. पुन्हा हललं तेव्हा ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि म्हणत होती की वारा फार आहे.

पालखी उठायची वेळ झाली. मानकरी पायरीवर बसले होते, त्यांनी रिकामा पेला माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "कसा वाटला काका?"

"बरो होतो," ते म्हणाले. "आता वायच च्या ठेवा."

मी आत गेले आणि मोठ्या पातेल्यात आधण ठेवलं. आलं ठेचलं, गवती चहाची पात तोडून घातली. ओट्यावर ग्लासात भाभीने दिलेल्या काड्या उभ्या होत्या. पाण्यातल्या टोकांना दहा दिवसांत पांढरी, केसाएवढी मुळं फुटली होती.